मंडळीत नियमित दानाची सवय कशी रुजवावी आणि आलेल्या पैशाची राखण कशी करावी?

प्रश्न : खजिनदार_करवीर

सप्रेम नमस्कार. कोल्हापूर शहरातील एका मध्यम आकाराच्या ख्रिस्ती मंडळीचा खजिनदार म्हणून गेल्या वार्षिक सभेपासून मी काम पाहतो आहे. सभासदांत निवृत्त शिक्षक आणि परिचारिका बऱ्याच आहेत, उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांत काम करणारे कामगार आहेत, आणि करवीर व कागल तालुक्यांतील गावांतून दर रविवारी उपासनेला येणारी काही शेतकरी कुटुंबेही आहेत, ज्यांचे घरखर्चाचे सगळे गणित दूधबिलावर आणि ऊसबिलावर चालते.

अडचण अशी आहे की उपासनामंदिराच्या छपराची कौले बदलण्यासाठी आवाहन केले तेव्हा अपेक्षेपेक्षा जास्त रक्कम थोड्याच काळात जमली; पण पाळकसाहेबांचे मानधन, वीजबिल, झाडलोट करणाऱ्या बाईंचा पगार आणि संडेस्कूलचा खर्च ज्या सर्वसाधारण खात्यातून भागवायचा, ते खाते महिनाअखेरीस कोरडे पडते आणि पंचांपैकी कोणीतरी पदरमोड करून वेळ मारून नेतो. यावर पंच कमिटीत दोन सूचना आल्या आहेत. पहिली, प्रत्येक कुटुंबाने महिन्याला किती दिले याची नावानिशी यादी दर्शनी फलकावर लावावी. दुसरी, दशमांशावर, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देण्यावर, दर महिन्याला एक उपदेश व्हावा. मला दोन्हींची धास्ती वाटते, कारण लोकांनी मोकळ्या हाताने द्यावे असे मलाही वाटत असले तरी लाजेखातर किंवा भीतीपोटी दिलेला पैसा मंडळीला लाभेल असे वाटत नाही. आपापल्या धर्मस्थळांत हा व्यवहार कसा सांभाळला जातो, हे इतर धर्मांतील जाणकारांनीही सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर : निवृत्त_पंच (गडहिंग्लज)

आपल्या प्रश्नाचे मूळ थोडे मागे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली मिशनचे काम सुरू केले आणि १८७० मध्ये ते अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडे गेले. पुढची अनेक दशके शाळा, दवाखाने आणि बहुतेक पाळकांचे पगार परदेशातून येणाऱ्या पैशावर चालले. मंडळी स्वावलंबी, स्वशासित आणि स्वप्रसारक व्हावी, हे रुफस अँडरसन यांच्यासारखे मिशनधुरीण एकोणिसाव्या शतकातच सांगत होते; तरी ज्या घरात आजोबांच्या काळापासून पाळकाचा पगार मिशनच्या कचेरीतून निघत आला, तिथे तो आपण द्यायचा असतो ही जाणीव एका उपदेशाने येणार नाही. छपरासाठी लोक देतात, कारण गळणारे छप्पर डोक्यावर दिसते. महिन्याचा खर्च कोणालाच दिसत नाही. तेव्हा तो दाखवणे हे खजिनदाराचे पहिले काम, आणि मागणे त्याच्या नंतरचे.

आमच्याकडे प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी दाराशी एक कागद लावला जातो. त्यावर गेल्या महिन्यात अर्पण किती जमले, कशावर किती खर्चले आणि किती तूट राहिली, एवढेच ठळक अक्षरांत असते. नाव कोणाचेही नसते. वीजबिलाची मूळ प्रत त्याच कागदाला टाचणीने लावलेली असते, आणि माझ्या पाहण्यात लोक आधी तीच वाचतात. वर्षातून एकदा सभेपुढे ताळेबंद मांडून जे साधत नव्हते, ते या एका कागदाने साधले. कारण वार्षिक ताळेबंद समजणारे मोजकेच असतात, आणि पंखे किती चालले हे मात्र सर्वांना समजते.

दुसरी गोष्ट मोजणीची. उपासना संपल्यावर थैलीतील अर्पण खजिनदाराने घरी नेऊन मोजू नये, मग तो कितीही सचोटीचा असो. आमच्या मंडळीत वेदीशेजारच्या खोलीत टेबलावर थैली उलटी केली जाते. एकमेकांच्या नात्यात नसलेले दोन सभासद नोटा आणि नाणी वेगळी करतात, सभासदांना दिलेल्या अर्पणाच्या पाकिटावरचा क्रमांक आणि आतील रक्कम वहीत चढवतात, बेरीज दोघे स्वतंत्रपणे करतात आणि जुळल्यावरच सही करतात. खजिनदार तिथे असतो, पण पैशाला हात लावत नाही. सोमवारी ती रक्कम जशीच्या तशी बँकेत भरली जाते; त्यातून परस्पर खर्च करून उरलेले भरण्याची मुभा कोणालाही नाही. बँकेत हयात गेल्यामुळे सांगतो, अफरातफरीची सुरुवात बहुतेक वेळा चोरीने होत नाही, ती ‘आत्ता यातून देऊ, नंतर लिहू’ या सोयीने होते.

या काटेकोरपणाला शास्त्राचाही आधार आहे. जुन्या करारातील योवाश राजाच्या काळात मंदिराच्या डागडुजीचा पैसा याजकांच्या हाती जात होता आणि डागडुजी मात्र होत नव्हती, तेव्हा यहोयादा याजकाने झाकणाला छिद्र पाडलेली पेटी वेदीजवळ ठेवली आणि ती भरली की राजाचा चिटणीस व मुख्य याजक मिळून मोजदाद करू लागले. नव्या करारातील प्रेषित पौलाने यरुशलेमातील गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा ती पोहोचवायला तो एकटा गेला नाही. मंडळ्यांनी निवडून दिलेला माणूस सोबत घेतला आणि एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी बोट दाखवू नये म्हणून ही काळजी घेतो, असे त्याने स्पष्ट लिहून ठेवले.

आता ऊसबिलाविषयी. ज्यांच्या हाती पैसा वर्षातून दोन-तीन हप्त्यांनी येतो, त्यांना महिन्याची बारा पाकिटे देणे म्हणजे त्यांना वर्षभर थकबाकीदार ठरवणे होय. आमच्याकडील शेतकरी कुटुंबे कारखान्याचे बिल जमा झाले की वर्षाचे एकदम देतात, दूधवाले दहा दिवसांच्या बिलातून थोडे थोडे देतात आणि हंगामाच्या सणाला जोंधळा, भुईमूग, गूळ, कोंबडी असे जे घरचे असेल ते आणतात. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो, एखादे लिंबू चढाओढीत वाटेल त्या भावाला जाते आणि सगळी मंडळी हसत घरी जाते. यात देणाऱ्याची मिळकत कशी येते हे पाहूनच त्याच्यापुढे पाकीट ठेवावे, इतकाच मुद्दा आहे.

फलकावरील यादीला माझा ठाम विरोध आहे. मंदिरात आपल्याजवळची दोन लहान नाणी टाकणाऱ्या विधवेची, म्हणजे विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट अर्पणाच्या रविवारी हमखास सांगितली जाते, पण तिच्या लगेच आधीच्या वचनात विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा निषेध आहे, तो मात्र वाचला जात नाही. दोन्ही एकत्र वाचले तर ती गोष्ट गरिबाला अधिक द्यायला लावण्यासाठी आहे असे म्हणणे कठीण होते. यादी लावली की पहिल्या महिन्यात वरच्या पाच नावांना समाधान मिळेल आणि तिसऱ्या महिन्यात खालची दहा कुटुंबे उपासनेलाच येईनाशी होतील.

उत्तर : शाहूपुरी_श्रावक

मी श्वेतांबर जैन संघाचा सभासद आहे, त्यामुळे नावानिशी दान देण्याच्या प्रथेत वाढलेला माणूस म्हणून थोडी दुसरी बाजू मांडतो. आमच्याकडे पर्युषणात, मूर्तीच्या प्रतिष्ठेच्या वेळी, आरतीसाठीसुद्धा बोली लागते, चढावा जाहीरपणे बोलला जातो आणि नाव पुकारले जाते. यात ईर्ष्या असते, हे नाकारण्यात अर्थ नाही; पण देणाऱ्याचा आनंद सगळ्या संघाला दिसतो, पाहणारे ‘अनुमोदना’ करतात, म्हणजे दुसऱ्याच्या पुण्यात आनंद मानतात, आणि लहान मुलांना देणे ही उत्सवाची गोष्ट आहे असे नकळत शिकायला मिळते. तेव्हा नाव घेणे सर्वस्वी वाईट, असे मी म्हणणार नाही. फरक एवढाच की बोलीत ज्याला बोलायचे तोच बोलतो. गप्प बसलेल्याची यादी कोणी करत नाही. आपल्या कमिटीची सूचना मला खटकली ती याच कारणाने.

मात्र आपली खरी अडचण आमच्याकडेही तंतोतंत आहे, हे ऐकून आपल्याला कदाचित नवल वाटेल. आमच्या परंपरेत दानाची सात क्षेत्रे मानली जातात : जिनमूर्ती, जिनमंदिर, जिनागम (शास्त्रग्रंथ), साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका. वरच्या क्षेत्रासाठी आलेला पैसा खालच्या क्षेत्राकडे वळवता येत नाही. देवद्रव्य, म्हणजे देवासाठी आलेला पैसा, तर देवाच्याच कामी लागले पाहिजे. परिणामी देवद्रव्याच्या खात्यात भरपूर शिल्लक असताना रखवालदाराचा पगार, पाणीपट्टी आणि उपाश्रयाची (साधू-साध्वींच्या मुक्कामाच्या जागेची) रंगरंगोटी ज्यातून करायची ते ‘साधारण’ खाते रडत असते. आमच्या वडीलधाऱ्यांनी यावर काढलेली तोड अशी की साधारण खात्याच्या ‘कायमी तिथी’ ठेवल्या. आईवडिलांच्या पुण्यतिथीचा किंवा मुलाच्या जन्माचा दिवस कुटुंब निवडते, त्यासाठी एकदाच ठरावीक रक्कम देते, ती बँकेत कायम ठेवली जाते आणि तिच्या व्याजातून त्या दिवशीचा साधारण खर्च भागतो. फळ्यावर त्या दिवसापुरते त्यांचे नाव लिहिले जाते. रखवालदाराच्या पगारासाठी द्या म्हटले असते तर कोणी दिले नसते. आईच्या तिथीसाठी सगळे देतात, आणि पगारही होतो.

एक पथ्य मात्र कडक पाळावे : बोललेली रक्कम लवकरात लवकर भरली गेली पाहिजे. आमच्याकडे बोलीची रक्कम थकवणे हा दोष मानतात, आणि वसुलीचे काम गोड बोलणाऱ्या पण न विसरणाऱ्या माणसाकडे देतात.

उत्तर : माळकरी_पन्हाळा

आमच्या गावच्या सप्ताहातही हेच पाहतो. पंगत घ्यायला सात दिवसांसाठी दहा घरे पुढे येतात, पण मांडवाचे भाडे आणि ध्वनिक्षेपकाचे बिल कोणाच्याच पुण्याच्या यादीत नसते. म्हणून आता पंगत घेणाऱ्याकडूनच शिध्याबरोबर ‘मांडवखर्च’ म्हणून ठरलेला भाग घेतला जातो, आणि तो आधी सांगितलेला असल्यामुळे कुरकुर होत नाही.

आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. आपल्याच जिल्ह्यात कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड उभा केला, तो घरोघरच्या बायांनी दळणाच्या वेळी बाजूला काढलेल्या मूठभर धान्यावर. ज्या घरात रोख रुपया दिसत नव्हता, त्या घरालाही त्यात वाटा उचलता आला. मोठ्या देणगीदारांच्या मागे धावताना ही मूठ सुटू नये.

उत्तर : नोकरदार_सभासद (सध्या पुणे)

मी कोल्हापूरच्याच एका मंडळीत वाढलो आणि अजूनही तिथेच अर्पण पाठवतो, म्हणून तरुणांच्या वतीने थोडे परखड लिहितो. दशमांशावर दर महिन्याला उपदेश झाला तर आमच्या पिढीतील निम्मे लोक मनातल्या मनात आकडेमोड करत बसतील की दहा टक्के म्हणजे हातात येणाऱ्या पगाराचे की घराचा हप्ता गेल्यावर उरलेल्याचे. जुन्या करारातील दशमांश हा शेतीच्या उत्पन्नावरचा, लेवी (मंदिरसेवा करणारा वंश), परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्या पोषणाशी जोडलेला नियम होता. नव्या करारात पौल टक्केवारी सांगत नाही, ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, कुरकुरत किंवा भाग पडते म्हणून देऊ नये, असे सांगतो. ज्याला दहावा भाग द्यायचा त्याने आनंदाने द्यावा. तो मोजपट्टी म्हणून दुसऱ्याला लावू नये, एवढेच.

पण माझा मुख्य आक्षेप मागण्यावर नसून खर्चावर आहे. कित्येक मंडळ्यांत मुदत ठेवी वर्षानुवर्षे पडून असतात, त्यांच्या पावत्या कोणाच्या कपाटात आहेत हे दोघा-तिघांनाच ठाऊक असते, आणि त्याच वेळी पाळकाचे मानधन दोन-दोन महिने थकते. हे पाहणाऱ्या तरुणाला ‘द्या’ म्हणून कसे सांगणार? ठेव कशासाठी राखली आहे, किती महिन्यांचा खर्च गंगाजळीत असावा आणि त्यापुढचा पैसा कुठे वापरायचा, हे सभेत ठरवून लिहून ठेवा. जमलेल्या अर्पणातील काही हिस्सा मंडळीबाहेरच्या गरजूंसाठी ठरवून काढा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ, करवीरकडे मदत पाठवायची म्हटल्यावर आमच्या वयाच्या लोकांनी हात आखडता घेतला नव्हता, हे सर्वांनी पाहिले आहे. देण्याची इच्छा नाही असे नव्हे, पैसा पुढे जातो कुठे ते कळत नाही.

उत्तर : सनदी_लेखापाल

वरील चर्चेत कायद्याची बाजू आलेली नाही, ती थोडक्यात मांडतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी असलेल्या संस्थेला, मग ती मंदिराची असो वा मंडळीची, हिशेब ठेवणे, ते तपासून घेणे आणि धर्मादाय कार्यालयात सादर करणे बंधनकारक आहे. विश्वस्त बदलले तर नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो आणि स्थावर मिळकत विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. अनेक मंडळ्यांच्या जमिनी वरिष्ठ संस्थेच्या विश्वस्त मंडळाच्या नावे असतात, तेव्हा आपल्या मिळकतीचे कागद प्रथम पाहून घ्यावेत.

देणगीदाराला ‘करात सवलत मिळेल’ असे सांगण्याचा मोह टाळावा. एखाद्या विशिष्ट धर्मसमाजासाठीच चालणाऱ्या संस्थेला दिलेल्या देणगीवर सर्वसाधारणपणे देणगीदाराला आयकरातील वजावट (जी ८०जी म्हणून ओळखली जाते) मिळत नाही. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या ऐतिहासिक किंवा ख्यातनाम प्रार्थनास्थळांच्या डागडुजीसाठी दिलेली देणगी हा त्यातील मर्यादित अपवाद आहे. संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावरील करमाफीची नोंदणी ही वेगळी बाब असून, तिच्यासाठी वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च होणे अपेक्षित असते, अन्यथा शिल्लक का आणि कशासाठी साठवली हे विहित नमुन्यात कळवावे लागते. श्रावकबंधूंनी सांगितलेल्या कायम तिथीसारखी योजना करायची असेल, तर ही रक्कम कायम निधीसाठी आहे असे दात्याचे लेखी निर्देश घ्या; खजिनदाराने मागाहून वहीत तसे लिहून चालत नाही.

परदेशी असलेल्या सभासदांबाबत फार गैरसमज आहेत. भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने आखातातून किंवा अमेरिकेतून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. तीच व्यक्ती तिकडची नागरिक झाली असेल तर मात्र ती परकीय देणगी होते, मग ती इथेच जन्मलेली का असेना. आणि त्यासाठी परकीय अंशदान कायद्याखालची नोंदणी आणि नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खाते लागते. म्हणून पावतीवर पत्त्याबरोबर नागरिकत्वाचा रकाना ठेवा.

प्रश्नकर्ता : खजिनदार_करवीर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दाराशी महिन्याचा कागद लावणे आणि दोघांनी मिळून मोजणी करणे, या दोन गोष्टी पुढच्या कमिटीत मांडतो. नावानिशी यादीचा ठराव मागे घ्यावा असेही सुचवीन. दोन शंका उरल्या आहेत. योवाश राजाच्या त्याच अध्यायात पुढे असेही आहे की कारागिरांना पैसे देणाऱ्या माणसांकडून हिशेब घेत नसत, कारण ते सचोटीने वागत. आमचे एक ज्येष्ठ पंच नेमके हेच वचन पुढे करून म्हणतात की मंडळीत हिशेब मागणे हा अविश्वास आहे. त्यांना काय सांगावे? शिवाय सध्या दाराशी जो क्यूआर कोड लावला आहे, तो आधीच्या खजिनदारांच्या मोबाईल क्रमांकाशी जोडलेला असून ते दर महिन्याला रक्कम रोख आणून देतात. याबाबत कोणाचीही तक्रार नाही, पण मला ते बरे वाटत नाही.

उत्तर : निवृत्त_पंच (गडहिंग्लज)

ज्येष्ठांना आदरपूर्वक एवढेच दाखवा की ज्या माणसांकडून हिशेब घेतला नाही, त्यांच्या हाती पैसा देण्यापूर्वी तो दोघांनी मोजून थैल्यांत बांधला होता, आणि किती गेला हे राजदरबारी माहीत होते. शिवाय काम झालेले डोळ्यांपुढे उभे होते. आपल्याकडेही छपराचे काम करणाऱ्या गवंड्याला प्रत्येक खिळ्याचा हिशेब विचारायची गरज नाही. ठरल्या रकमेत कौले बसली की पुरे. महिन्याच्या अर्पणाचे तसे नाही, ते नेमके किती आले हे मोजणाऱ्यांशिवाय कोणालाच माहीत नसते. ज्येष्ठांनाच पहिल्या महिन्याच्या मोजणीला बसवा. आमच्याकडे विरोध करणाऱ्या पंचांना असेच बसवले होते, आणि त्यानंतर पाकिटांच्या क्रमांकाबाबत सर्वांत कडक तेच झाले.

उत्तर : सनदी_लेखापाल

क्यूआर कोडबाबत थांबू नका. तो कोड याच आठवड्यात काढा आणि संस्थेच्या नावावरील बँक खात्याला जोडलेला नवा कोड बँकेकडून घ्या; त्यासाठी बहुधा ठरावाची प्रत, नोंदणीचा दाखला आणि संस्थेचे पॅन लागेल. खाते दोघांच्या संयुक्त सहीने चालणारे असावे आणि रक्कम जमा झाल्याचा संदेश खजिनदाराखेरीज आणखी एका पंचाच्या मोबाईलवरही जाईल अशी सोय बँकेकडे मागा. आधीच्या खजिनदारांच्या वैयक्तिक खात्यात आलेली रक्कम त्यांच्या उत्पन्नात धरली जाण्याचा प्रश्न उद्या त्यांनाच भेडसावू शकतो, तेव्हा ही गोष्ट त्यांच्यावर संशय म्हणून न मांडता त्यांच्या सोयीची म्हणून मांडा. आजवरच्या जमा रकमांचे त्यांचे खातेउतारे घ्या, मंडळीच्या वहीतील नोंदींशी ताळा करा आणि तो ताळा कमिटीच्या इतिवृत्तात नोंदवून त्यांना रीतसर पोच द्या.